साक्षीच्या टेबलावरची लाल चिठ्ठी

सोमवारी सकाळी हळदीच्या कारखान्याचं गेट उघडलं आणि आत येणारा जो तो दारातच थबकला. शनिवारपर्यंत जिथे नुसता धुळकट कोबा होता, तिथे आता पिवळ्याधमक रेघा उमटल्या होत्या. काही सरळ, काही काटकोनात वळलेल्या, मध्येच चौकोन, चौकोनात बाण. हमालांचा मुकादम शेषराव खांद्यावरचा रुमाल हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्यामागे पंधरा हमाल, आणि त्यांच्यामागे हळद निवडणाऱ्या वीस-बावीस बाया, डब्याच्या पिशव्या काखेत मारून.

"काय आखून राहिले बा हे?" मागून कोणीतरी विचारलं.

"कबड्डी हाय कबड्डी. अध्यक्ष एकीकडून, आपण एकीकडून."

हशा पिकला, पण पाय कोणी पुढे टाकला नाही.

साक्षी आपल्या टेबलाशी उभी राहून हे पाहत होती. रविवारची सुट्टी मोडून, दोन पेंटर हाताशी घेऊन, गुडघे टेकून तिने त्या रेघा मारून घेतल्या होत्या. पोती कुठून आत यायची, कुठे थांबायची, माणसांनी कुठून चालायचं, हे सगळं लोकांना एका नजरेत कळेल असं तिला वाटलं होतं. चाकणला ती चार वर्षं ज्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होती, तिथे असंच असायचं. तिथे रेघ दिसली की माणूस रेघेने चालायचा.

इथे तासाभरात बातमी फुटली की रेघेबाहेर पाय पडला तर अर्धी हजेरी कापणार. बाया कडेकडेने, भिंतीला घासत चालू लागल्या. दुपारपर्यंत ती बातमी बाहेर औंढा रस्त्यावर रांगेत उभ्या ट्रॅक्टरवाल्यांपर्यंत गेली, तेव्हा तिला आणखी फाटे फुटले होते. म्हणे, हमाल काढून पोती वाहणारं पट्ट्याचं मशीन बसवणार, त्याचीच ही आखणी.

साक्षी शिरड शहापूरची. वडील भीमराज एसटीत मेकॅनिक, त्यामुळे पाना-पकडीशी तिचं लहानपणापासून सूत जमलेलं. इंजिनीअर होऊन ती चाकणला गेली, आणि वसमतच्या बाहेर शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या या कारखान्याला माणूस हवा आहे असं कळल्यावर परत आली. कारखान्याचे अध्यक्ष किसनराव. स्वतः हळद पिकवणारे, नव्या शब्दांचे भारी शौकीन. मुलाखतीत तिने वाया जाणारा वेळ आणि खेपा कमी करायच्या पद्धतीसाठी 'लीन' हा शब्द उच्चारला तेव्हा ते म्हणाले होते, "लीन म्हंजे बारीकच ना? मग आमच्या कारखान्याला बारीक करा बाई. लई सुस्तावलाय."

सुस्तावला होता हे खरंच. फेब्रुवारीच्या शेवटापासून शेतकरी शिजवून वाळवलेली हळद घेऊन यायचे. इथे ती काट्यावर तोलून घ्यायची, मोठ्या ड्रममध्ये फिरवून चकचकीत करायची, लांबट कांडी आणि गोल गट्टू वेगळे निवडायचे, परत वजन करून थप्पी लावायची. साक्षीने पहिल्या आठवड्यात घड्याळ घेऊन पाहिलं. एखादं पोतं गेटातून शिरल्यापासून थप्पीला लागेपर्यंत सव्वीस तास जात होते, आणि त्यात प्रत्यक्ष काम होतं तीन तासांचं. उरलेले तेवीस तास पोतं नुसतं कशाची तरी वाट पाहत पडून असायचं. बाहेर ट्रॅक्टरखाली गोणपाट टाकून शेतकरी वाट पाहायचे, ते वेगळेच.

हे सगळं तिने लोकांना सांगितलंही होतं. चांगला पडदा लावून, तक्ते दाखवून, चाळीस मिनिटं. शेवटी विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" सगळे एका सुरात म्हणाले, "समजलं." साक्षीला भरून आलं होतं.

रेघांचा बोजवारा तिच्या अपेक्षेपेक्षा लवकर उडाला. बुधवारपर्यंत ड्रममधून उडणारी हळदीची पूड कोब्यावर अशी बसली की पिवळ्यात पिवळं मिसळून गेलं. शेषराव वाकून, डोळे बारीक करून जमिनीकडे बघत म्हणाला, "मॅडम, हळदीच्या कारखान्यात पिवळा रंग कोणी सुचवला वो?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं होतं, म्हणून ते जास्त लागलं.

पण साक्षी हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने पुढची गोष्ट हाती घेतली. लाल पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या छापून आणल्या, दोरा ओवलेल्या. नियम भिंतीवर लावला: कामात न येणाऱ्या किंवा वाटेत येणाऱ्या वस्तूला लाल चिठ्ठी बांधायची. वस्तू कोणती, कारण काय आणि लावणाऱ्याचं नाव लिहायचं. आठ दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर वस्तू बाहेर. खाली तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कोणीही चिठ्ठी लावू शकतं.' मग स्वतःच फिरून तिने एकोणीस चिठ्ठ्या लावल्या. मोडका तराजू, फुटकी टोपली, कोपऱ्यातली सुतळीची खाट, दाराजवळ बायांनी अंथरलेली जुनी ताडपत्री. निवडणाऱ्या बायांची जागा दारातून हलवून तिने आत ड्रमशेजारी केली. त्यामुळे पोत्यांचा प्रवास चाळीस पावलांनी कमी होत होता. कागदावर तरी होत होता.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा तिच्या टेबलाच्या ड्रॉवरला विसावी चिठ्ठी लटकत होती.

तिने ती उलटून वाचली. वस्तू: टेबल व कपाट. कारण: वाटेत येऊन राहिलं, काही कामाचं न्हाई. नाव: सगळे.

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने वर पाहिलं तर हमाल अतिशय मन लावून पोती रचत होते. इतक्या मन लावून तर ते कधीच रचत नसत. नेमके त्याच वेळी किसनराव आले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि आधी खो खो हसले, मग एकदम गंभीर झाले. "कोणाचं काम हे? अक्षर ओळखतो मी एकेकाचं. थांबा, बघतो."

"नका बघू," साक्षी म्हणाली. "नियमात बसतंय ते."

तसं म्हणाली खरी, पण दुपारी डबा उघडायचीही इच्छा होईना. ती उठून निवडणाऱ्या बायांत जाऊन बसली. त्यांची म्होरकी चांगुणा, पन्नाशीची, बोलायला तिखट. तिने न विचारता आपल्या डब्यातली भाकरी आणि ठेच्याची वाटी पुढे सरकवली.

"राग आला का?" चांगुणाने विचारलं.

"आला."

"आमाला बी आला व्हता. खाटंला चिठ्ठी लावली त्या दिशी."

"मोडकी आहे ती, मावशी. जागा अडवते."

"शेषरावची कंबर गेलीय. एक ट्रॅक्टर खाली केला की धा मिनटं पडतो तिच्यावर, मग उठतो. तुमी कोणाला इचारलं का, ही खाट कशापायी हाय म्हून?"

साक्षीने भाकरीचा तुकडा हातातच धरला. "पण मी सगळं सांगितलं होतं की. पडद्यावर."

"त्या दिशी का?" चांगुणाने बाकीच्या बायांकडे पाहिलं. "त्या दिशी आमी पोहे खाल्ले, चहा घेतला. पोहे झ्याक व्हते. तुमी काय बोलून राहिल्या ते तुमालाच ठावं. आन घड्याळ घिऊन आमच्या हाताकडं बघत बसता. काहून बघता ते कोण सांगनार? ही सपना तर लघवीला जायची बंद झाली चार दिवस."

सपना तोंडाला पदर लावून हसली. साक्षीला हसावं की रडावं कळेना. चार वर्षांत चाकणला ती असं बोलायला शिकली होती की घरी आई तिला म्हणायची, बातम्या सांगून राहिली का? पडद्यासमोर ती तशीच बोलली असणार.

"आन हितं अंधार हाय," चांगुणा पुढे म्हणाली. तिने दोन कांड्या उचलून साक्षीच्या हातात ठेवल्या. "सांग, यातली आतून काळी कोनची?"

साक्षीला सांगता येईना.

"मला बी येत न्हाई. दारात बसलं की येतं. तिथं उजेड हाय म्हून बसायचो. हौस न्हवती वारं खायची."

त्या संध्याकाळी साक्षी शेषरावकडे गेली. तो खाटेवर बसून पाय चेपत होता. खाटेची चिठ्ठी तिने आधीच सोडून घेतली होती.

"जयभीम, काका. उद्या दिवसभर मी तुमच्या मागं चालते. घड्याळ न्हाई, वही न्हाई. चालेल का?"

"पोतं घेऊन का पोत्याबिगर?"

"पोत्याबिगर. पन्नास किलो न्हाई उचलायचं मला."

"मग या," शेषराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्यामागे चालली. ट्रॅक्टरपासून काट्यापर्यंत, काट्यापासून ड्रमपर्यंत, परत. दहाव्या खेपेला तिच्या पायांना ते कळलं. काट्यापासून ड्रमकडे जाणारी सरळ वाट खांबाशी अडत होती, आणि तिथे अडथळा खांबाचा नव्हताच. तिथे तिचं टेबल होतं, टेबलाला टेकून लोखंडी कपाट होतं. पाठीवर पोतं घेतलेला प्रत्येक माणूस तिथे वळसा घालत होता. अकरा पावलं जास्त. तिने काढलेल्या नकाशात हा वळसा आलाच नव्हता, कारण नकाशा काढताना ती त्याच टेबलाशी बसलेली होती.

"चिठ्ठी लावायच्या आधी सांगायचं ना, काका."

शेषरावने पोतं ड्रमशी टेकवलं, घाम पुसला. "सांगायला इचारावं लागतं पोरी."

आठ दिवस थांबायची गरज नव्हती. साक्षीने टेबलाचं एक टोक धरलं, दुसरं शेषरावच्या माणसांनी धरलं, आणि ते गेटाजवळ टोकन देण्याच्या खिडकीशेजारी पत्र्याखाली नेऊन ठेवलं. मागोमाग कपाटही गेलं. बाया पुन्हा दारात आल्या. ताडपत्री मात्र चांगुणाने स्वतःच फेकली. "फाटलीच व्हती ती, नवी द्या," म्हणाली.

त्यानंतर लोक बोलू लागले. एकदम नाही, पण बोलू लागले. पूड उडते म्हणून ड्रमला खाली पडदा लावा, असं एकाने सुचवलं. रेघा मारायच्याच तर पांढऱ्या मारा, हे सपनाने. काट्याशी दोघं उभे राहतात तिथे एकाने भागतं, हे खुद्द काट्यावरच्यांनी सांगितलं. आणि एवढं सांगून झाल्यावर ते शेषरावकडे बघू लागले.

शेवटी शेषरावने तोंड उघडलं. "मॅडम, एक इचारू? एकाने भागतं, वळसा गेला, चाललं कमी. मग आमी पंधरा जण कशाला लागतो? चार माणसं कमी करायचीत, व्हय ना?"

"न्हाई काका. तसं काही न्हाई."

"तुमाला कोणी सांगितलं?"

 तिला कोणीच सांगितलं नव्हतं. ती तसं धरूनच चालली होती.

"मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "इचारून सांगते."

किसनराव शेतात होते. त्यांची हळद शिजवणं अजून चालूच होतं. वाफ निघत असलेल्या टाकीपासून हातभर लांब उभे राहून ते माणसांना सूचना देत होते. चार माणसं कमी करणार का, असं साक्षीने आडपडदा न ठेवता विचारलं. किसनरावांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली.

"चार न्हाई," ते म्हणाले. "पाच."

"काय?"

"संचालकांना मी बोलून बसलोय. हे बारीक करायचं काम झालं की पाच माणसं कमी लागतील म्हून. त्याबिगर ते तुमाला घ्यायला तयारच न्हवते."

"मग हे मला आधी काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी कुठं इचारलं?"

वाफेच्या वासाने तिचे डोळे चुरचुरत होते. वीस-बावीस बाया आणि पंधरा हमाल, सगळ्यांना ती गेले चार दिवस मनापासून विचारत होती की काम सोपं कसं होईल. ते सांगत होते, आणि आपल्याच हाताने स्वतःची जागा कमी करत होते. अफवा तिला वेडगळ वाटली होती. ती जवळपास खरी होती.

"अध्यक्षसाहेब, मग मी हे काम करू शकत न्हाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "उद्यापासून कोणी मला काही सांगणार न्हाई, आणि त्यांनी सांगितल्याबिगर एक पोतं इकडचं तिकडं हलणार न्हाई. पन एक बघा. दुसरा ड्रम दोन वर्षं झाकून पडलाय."

"चालवायला माणसं न्हाईत म्हून."

"आता हायेत. पाच."

किसनरावांनी टाकीवरच्या माणसाला जाळ कमी करायला सांगितलं. बाहेर थांबून कंटाळलेले कितीतरी ट्रॅक्टर मधूनच व्यापाऱ्याकडे वळतात, हे त्यांना तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यातले काही त्यांच्याच भावकीतले होते.

"बराबर हाय," ते शेवटी म्हणाले. "संचालकांचं मी बघतो. तुमी सांगा लोकांना."

"मी सांगून उपयोग न्हाई. शब्द तुमी दिलाय तिकडं, तुमीच इकडं बी द्यायचा."

दोन दिवस फोनाफोनी करून किसनराव संचालकांशी भांडले, आणि तिसऱ्या सकाळी काट्याजवळ सगळ्यांसमोर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हात मागे. "माझ्या कष्टकरी बंधू आणि भगिनींनो, आज जागतिक पातळीवर..." त्यांनी सुरुवात केली.

"अध्यक्षसाहेब," शेषराव म्हणाला, "माणसं कमी होनार का न्हाई, तेवढं सांगा."

किसनरावांनी साक्षीकडे पाहिलं. तिने मदत केली नाही.

"मी तसा इचार केला व्हता," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पाच जण कमी करायचे व्हते."

एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, बघा, सांगत न्हवतो का! कोणीतरी रुमाल झटकला. किसनरावांनी दोन्ही हात वर केले; ते चिडलेले नव्हते, घाबरलेले दिसत होते. "ऐका तर! आता तो इचार मागं घेतला. संचालकांनी बी मान्य केलं. दुसरा ड्रम सुरू करायचा, ते पाच तिकडं. या हंगामात कोणी कमी व्हनार न्हाई."

"आन बायांचं?" चांगुणाने विचारलं.

"बायांचं बी."

"आन पुढच्या हंगामात?"

किसनरावांनी हात खाली घेतले. "हळद किती येईल त्यावर हाय ते. आजच्याला मी सांगू शकत न्हाई."

हे ऐकून गलका परत उठेल असं साक्षीला वाटलं. पण उलट माणसं जरा सैल झाली. शेषराव म्हणाला, "हे पटलं. सगळंच देतो म्हनाले असते तर इश्वास बसला नसता." चांगुणाला तेवढ्याने समाधान नव्हतं. तिने ते फळ्यावर लिहून घेतलं, खाली अध्यक्षांची सही घेतली आणि फळा पुसायचा नाही, अशी ताकीद दिली.

पुढचे पंधरा दिवस गडबडीत गेले. काम सुरू व्हायच्या आधी काट्याजवळ दहा मिनिटं सगळे उभे राहायचे. काल काय अडलं, आज किती ट्रॅक्टर, कोण कुठे. दुसऱ्या ड्रमने पहिले दोन दिवस नुसता खडखडाट केला, मग लाइनीवर आला. सव्वीस तासांचे चौदा झाले, मग नऊ.

आणि गेटाजवळ टेबल गेल्यामुळे साक्षीला बाहेरची माणसं ऐकू येऊ लागली. आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरचा रूपसिंग एकदा टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "आत तुमी काय बी करा बाई. मला एक सांगा, माझा नंबर कधी? मी सकाळी सहाला आलो, घरी बैलाला पाणी पाजणारं कोणी न्हाई. नंबर तीनला हाय असं कळलं असतं तर दोनला निघालो असतो." साक्षीने त्याच दिवशी सगळ्यांचे फोन नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली. ती रोज सकाळी फोन करायची: तुमची पाळी अमुक वाजता, त्याआधी येऊ नका. अर्ध्या लोकांचा विश्वास बसला नाही, ते सहालाच आले. हळूहळू रांग आखडली.

एप्रिलच्या मध्याला तिला कामासाठी हिंगोलीला जावं लागलं. दुपारी परतताना फोन पाहिला तर शेषरावचे चार कॉल येऊन गेलेले. लावला तर तो उचलेना. कारखान्यात पाऊल टाकलं आणि तिच्या कानांना आधी शांतता जाणवली. दोन्ही ड्रम बंद. वीज गेली नव्हती, पंखे फिरत होते. मोठ्या ड्रमचा पट्टा तुटला होता, आणि नव्याने सुरू केलेल्या दुसऱ्याची मोटर तापून बसली होती.

 आज नऊ ट्रॅक्टर बोलावले होते. नऊ माणसं रस्त्यावर तापत असतील, आणि आता प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं. ती धावत गेटाबाहेर आली. रस्त्यावर एकच ट्रॅक्टर होता, आणि त्याचा मालक लिंबाखाली निवांत कलिंगड खात होता.

आत शेषराव तिच्याच टेबलाशी, तिच्याच खुर्चीत बसला होता. डोळ्यांपासून हातभर लांब वही धरून, दुसऱ्या हाताने फोन कानाला.

"व्हय, पट्टा तुटला," तो मोठ्याने सांगत होता. "न्हाई, आज व्हत न्हाई. उद्या सकाळी नऊला या. पट्टा नांदेडहून निघालाय, पन मी पक्कं साडेआठला पुन्यांदा फोन करून सांगतो, मगच निघा. ...व्हय व्हय, तकलीफ झाली, मान्य हाय. ...आरं शिव्या काहून देतो, सांगून तर राहिलो ना!"

त्याने फोन ठेवला, वहीत एका नावापुढे फुली मारली आणि वर पाहिलं. उठायची घाई त्याने केली नाही.

"आठ झाले," तो म्हणाला. "तिघांनी शिव्या दिल्या. रूपसिंग म्हनला, बरं झालं सांगितलं, तो लग्नाला चाललाय. नववा आधीच निघाला व्हता, त्याला कलिंगड दिलंय."

"आणि बाया?"

"चांगुणानं पडून राहिलेला जुना गट्टू निवडायला घेतलाय. तुमाला चार फोन केले म्या, तुमी उचलले न्हाई."

"गाडीवर होते, काका."

"व्हय, तसंच वाटलं. मग म्हनलं, आपनच करावं." शेषराव कंबरेवर हात ठेवून सावकाश उठला, खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बसा. पानी प्या. मोटरवाला आत हाय, त्याला काय झालं ते इचारून येतो. अध्यक्षांना मात्र तुमी फोन करा. त्यांचं भाषन ऐकायला मला टाइम न्हाई."